इंग्रजी विशेषण: रूप एकच, जागा मात्र ठरलेली

2016 साली इंग्रजी विशेषणांच्या क्रमावरचा एक छोटा उतारा समाजमाध्यमांवर जगभर फिरला. एका नामाआधी अनेक विशेषणं आली तर त्यांचा क्रम ठरलेला असतो, असं त्यात सांगितलं होतं. आधी मत, मग आकारमान, वय, आकार, रंग, मूळ, द्रव्य आणि शेवटी उपयोग. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे, अशा असंख्य लोकांना तो वाचून धक्का बसला. जन्मभर पाळत आलेला नियम त्यांना नियम म्हणून ठाऊकच नव्हता.

मराठीतून इंग्रजीकडे येणाऱ्याची अडचण नेमकी उलटी असते. विशेषणाची व्याख्या, त्याचे प्रकार, तुलनेची रूपं हे सगळं त्याला पाठ असतं. तोंडून मात्र 'शी सिंग्ज ब्युटिफुल' किंवा 'आय ॲम बोरिंग' निघून जातं. या चुका वेंधळेपणाच्या नसतात. मराठीच्या सवयी इंग्रजीत नेल्यामुळे त्या होतात, म्हणून त्या पुन्हा पुन्हा त्याच जागी होतात. कोणती सवय कुठे आड येते हे कळलं, की सराव कशाचा करायचा तेही कळतं.

आधी पाया

नामाबद्दल जास्तीची माहिती सांगणारा शब्द म्हणजे विशेषण. व्याख्या दोन्ही भाषांत सारखीच आहे. फरक आहे तो विशेषणाच्या वागण्यात.

मराठीत आपण चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं पुस्तक, चांगल्या मुलांना असं म्हणतो. नामाचं लिंग, वचन आणि विभक्ती बघून विशेषण आपला शेवट बदलतं. सुंदर, हुशार, लाल असे काही शब्द मात्र जसेच्या तसे राहतात. इंग्रजीतली सगळी विशेषणं या 'सुंदर'च्या जातीची आहेत. 'गुड बॉय', 'गुड गर्ल', 'गुड बुक्स', शब्द एकच. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मात्र विशेषणांना लिंग, वचन आणि विभक्तीचे प्रत्यय लागत. पुढच्या काही शतकांत ते झडत गेले आणि 1500 पर्यंत जवळजवळ नाहीसे झाले.

ऐकायला हे फार सोपं वाटतं. पण प्रत्यय गेले की त्यांचं काम दुसऱ्या कशाला तरी करावं लागतं, आणि इंग्रजीत ते काम बहुतेक ठिकाणी शब्दाची जागा करते. मराठीत दोन पिशव्यांकडे बोट दाखवून 'मोठी दे' एवढं म्हटलं तरी चालतं, कारण 'मोठी'च्या शेवटातच पिशवी ऐकू येते. इंग्रजीत 'बिग' एकटा उभा राहू शकत नाही, त्याच्यापुढे नामाची जागा भरावीच लागते: 'गिव्ह मी द बिग वन'. 'एक म्हातारा येत होता' याचं 'ॲन ओल्ड वॉज कमिंग' होत नाही, 'ॲन ओल्ड मॅन' म्हणावं लागतं. 'द' लावून संपूर्ण समूहाबद्दल बोलायचं असेल तर मात्र नाम गाळता येतं. 'द पुअर', 'द ओल्ड', 'द ब्लाइंड' हे नेहमी अनेकवचनी असतात, म्हणून क्रियापद 'आर' येतं आणि विशेषणाला 'एस' लागत नाही.

विशेषणाच्या दोन जागा

इंग्रजी विशेषण मुख्यतः दोन ठिकाणी बसतं. एक जागा नामाच्या आधी: 'अ टॉल बॉय'. दुसरी 'इज', 'लुक', 'फील', 'सीम', 'बिकम' अशा क्रियापदांनंतर: 'द बॉय इज टॉल'. 'अ' आणि 'ॲन' नामाचे असतात, विशेषणाचे नव्हेत. म्हणून दुसऱ्या जागी 'ही इज अ टॉल' म्हणता येत नाही. नाम आलं की 'अ' आला: 'ही इज अ टॉल बॉय'. 'अ' घ्यायचा की 'ॲन', हे मात्र लगेच पुढे येणाऱ्या शब्दाच्या उच्चारावर ठरतं. म्हणून 'अ बुक', पण 'ॲन ओल्ड बुक'.

बहुतेक विशेषणं दोन्ही जागी चालतात. काहींना एकच जागा मान्य असते. 'अफ्रेड', 'अस्लीप', 'अलाइव्ह', 'अलोन', 'अवेक' ही 'अ'ने सुरू होणारी मंडळी क्रियापदानंतरच येतात. 'द चाइल्ड इज अस्लीप' बरोबर, 'ॲन अस्लीप चाइल्ड' चूक. याउलट 'मेन', 'मिअर', 'फॉर्मर' हे नामाआधीच बसतात. 'द मेन रीझन' म्हणता येतं, 'द रीझन इज मेन' म्हणता येत नाही. 'समथिंग', 'एनीवन', 'नथिंग' यांच्याबरोबर विशेषण मागून येतं: 'समथिंग न्यू'. मराठीतही आपण 'काहीतरी नवीन' असंच म्हणतो, त्यामुळे इथे कुणी सहसा अडखळत नाही.

'ती सुंदर गाते' इथे काय होतं?

मराठीत 'सुंदर मुलगी' आणि 'ती सुंदर गाते' या दोन्हींत शब्द एकच आहे. 'छान', 'नीट', 'चांगलं' यांचंही तसंच. इंग्रजीत या दोन कामांना बहुधा दोन वेगळे शब्द लागतात. नामाचं वर्णन करतं ते विशेषण. क्रिया कशी झाली हे सांगतं ते क्रियाविशेषण, आणि त्याला बहुतेकदा शेवटी 'ली' लागतो. म्हणून 'शी सिंग्ज ब्युटिफुली', 'ही राइट्स नीटली'. 'गुड'चं क्रियाविशेषण 'वेल' आहे, म्हणून 'शी सिंग्ज वेल'.

मनात एक प्रश्न विचारायचा: मी माणसाचं किंवा वस्तूचं वर्णन करतोय, की क्रियेचं? 'शी लुक्स हॅपी' यात बघण्याची क्रिया कशी झाली हे सांगायचं नाही, ती मुलगी कशी दिसते हे सांगायचं आहे, म्हणून विशेषण. 'शी लुक्ड ॲट मी अँग्रिली' यात बघण्याची क्रिया रागाने झाली, म्हणून क्रियाविशेषण. 'साउंड', 'स्मेल', 'टेस्ट', 'फील' यांनाही हीच कसोटी लावायची.

दोन ठिकाणी सावध राहायला हवं. 'फ्रेंडली', 'लोनली', 'लव्हली' यांच्या शेवटी 'ली' असला तरी ती विशेषणंच आहेत. आणि 'फास्ट', 'हार्ड' हे शब्द दोन्ही कामं करतात. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो कष्ट करतो. 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो फारसं कामच करत नाही. कुणाच्या कौतुकाचं पत्र लिहिताना हा फरक फार महागात पडेल.

मराठी नाम वापरते तिथे इंग्रजीत विशेषण

हा मुद्दा व्याकरणाच्या पुस्तकांत क्वचितच येतो, पण मराठी माणसासाठी मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या शरीराच्या आणि मनाच्या अवस्था मराठी कशा सांगते ते बघा. मला भूक लागली. मला तहान लागली. मला राग आला. मला थंडी वाजतेय. मला आश्चर्य वाटलं. मला कंटाळा आलाय. या सगळ्या वाक्यांत भूक, राग, थंडी, कंटाळा ही नामं आहेत. ती कुठूनतरी येतात, लागतात, वाजतात, आणि ज्याला ती होतात तो 'मला' म्हणून बाजूला उभा असतो.

इंग्रजीत माणूस कर्त्याच्या जागी येतो आणि अवस्था विशेषण होते. 'आय ॲम हंग्री', 'आय ॲम थर्स्टी', 'आय ॲम अँग्री', 'आय ॲम कोल्ड', 'आय वॉज सरप्राइज्ड', 'आय ॲम बोअर्ड'. मराठी वाक्य शब्दाला शब्द ठेवून उलटवायला गेलं की माणूस अडतो, कारण इंग्रजीच्या साच्यात 'लागली'ला आणि 'वाजते'ला जागाच नसते. म्हणून 'मला' आणि त्यापुढे भावनेचं नाम अशी जोडी मनात आली, की ती 'आय ॲम' आणि विशेषण या साच्यात ओतायची. या एका बदलाने बोलण्यातली रोजची कितीतरी वाक्यं मोकळी होतात.

या विशेषणांपुढचं शब्दयोगीही मराठीप्रमाणे चालत नाही. आपण 'गणितात चांगला' म्हणतो म्हणून 'गुड इन मॅथ्स' म्हणावंसं वाटतं, पण रूढ वापर 'गुड ॲट मॅथ्स' असा आहे. 'तिच्याशी लग्न झालंय' हे 'मॅरिड टू हर' होतं, 'मॅरिड विथ' नव्हे. 'अफ्रेड ऑफ' आणि 'इंटरेस्टेड इन' याही अशाच जोड्या. यांमागे तर्क शोधत बसण्यापेक्षा पूर्ण जोडी एक शब्द समजून तोंडात बसवावी.

'बोअर्ड' की 'बोरिंग'? उत्तर मराठीतच आहे

'इंटरेस्टेड' आणि 'इंटरेस्टिंग', 'टायर्ड' आणि 'टायरिंग', 'कन्फ्यूज्ड' आणि 'कन्फ्यूझिंग' या जोड्यांत वर्षानुवर्षं गोंधळ होतो. त्यावरचा उपाय आपल्याच भाषेत तयार आहे. मराठीत क्रियापदापासून विशेषण करण्याच्या दोन ठळक तऱ्हा आहेत: '-लेला' आणि '-णारा'. कंटाळलेला मुलगा, कंटाळा आणणारा तास. गोंधळलेले विद्यार्थी, गोंधळात टाकणारा प्रश्न. थकलेली आई, थकवणारं काम.

ज्याच्यावर परिणाम झाला तो '-लेला', आणि इंग्रजीत 'ईडी'चं रूप (किंवा 'ब्रोकन', 'टॉर्न' असं त्याच्या जागी येणारं रूप). परिणाम घडवणारा '-णारा', आणि इंग्रजीत 'आयएनजी'चं रूप. 'अ बोअर्ड बॉय', 'अ बोरिंग लेसन'. म्हणून 'आय ॲम बोरिंग' याचा अर्थ होतो, मी इतरांना कंटाळा आणणारा माणूस आहे. 'तुटलेली खुर्ची' ही 'अ ब्रोकन चेअर', 'फाटलेला सदरा' हा 'अ टॉर्न शर्ट', 'रडणारं बाळ' हे 'अ क्राइंग बेबी'. ही किल्ली बऱ्याच कुलपांना लागते.

सगळ्यांना मात्र नाही. 'झोपलेलं बाळ' म्हणजे 'अ स्लीपिंग बेबी', 'अ स्लेप्ट बेबी' नव्हे. 'बसलेला माणूस' म्हणजे 'अ सिटिंग मॅन'. कारण असं, की नामाआधी येणारं 'ईडी'चं रूप बहुतेक वेळा त्या नामाला काहीतरी केलं गेलं असं सांगतं. खुर्ची कुणीतरी मोडलेली असते, प्रश्नाने विद्यार्थी गोंधळलेले असतात. बाळावर कुणी झोपण्याची क्रिया केली नाही, ते स्वतः झोपलं. 'फॉलन लीव्ह्ज' किंवा 'अ रिटायर्ड टीचर' असे थोडे प्रयोग याला अपवाद आहेत.

दुसरी मर्यादा लांबीची. मराठी नामाआधी कितीही मोठी माळ लावू शकते: काल संध्याकाळी आलेलं पत्र, मी तुला दिलेली वही. इंग्रजी एवढं ओझं नामाआधी घेत नाही. एखाद-दोन शब्दांचं वर्णन पुढे, त्याहून लांब असेल तर नामाच्या मागे: 'द लेटर दॅट केम यस्टर्डे ईव्हनिंग', 'द नोटबुक आय गेव्ह यू'. लांब इंग्रजी वाक्य लिहिताना जो गुंता होतो, तो पुष्कळदा इथूनच सुरू होतो.

मग तो प्रसिद्ध क्रम पाठ करायचा का?

त्यामागची कल्पना समजली तर पाठ करावा लागत नाही. थंडीत आपण अंगाला लागून सदरा घालतो, त्यावर स्वेटर आणि त्यावर कोट. कोट सहज काढून ठेवता येतो, सदरा नाही. विशेषणांचंही तसंच. वस्तूपासून सहज वेगळं होऊ शकणारं विशेषण सर्वांत बाहेर, वस्तूच्या घडणीशी जोडलेलं नामाला खेटून. 'लव्हली' हे बोलणाऱ्याचं मत, उद्या बदलेल, म्हणून ते आधी. 'वुडन' ही वस्तूची घडण, ती बदलणार नाही, म्हणून ती नामाजवळ. 'स्लीपिंग बॅग'मधलं 'स्लीपिंग' तर जवळजवळ नावाचाच भाग, ते नामाला अगदी चिकटून बसतं. 'अ लव्हली स्मॉल वुडन बॉक्स' हा क्रम यातूनच येतो.

आणि आता मराठीत म्हणून बघा: एक सुंदर छोटी लाकडी पेटी. 'एक लाकडी छोटी सुंदर पेटी' कानाला खटकतं. म्हणजे हा क्रम बऱ्याच अंशी आपल्या कानात आधीच आहे. 'माझी दोन जुनी पुस्तकं' आणि 'माय टू ओल्ड बुक्स' यांत तर काहीच फरक नाही.

अपवाद आहेतच. लहान मुलांच्या गोष्टींतला 'बिग बॅड वुल्फ' हा क्रम मोडतो, कारण तिथे आकारमान मताच्या आधी आलंय. 'झिग-झॅग', 'टिक-टॉक' यांसारख्या जोड्यांत 'इ' आधी आणि 'ॲ' किंवा 'ऑ' नंतर येतो, तीच लय तिथे क्रमावर मात करते, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. तसंही रोजच्या बोलण्यात एका नामाआधी दोनांहून जास्त विशेषणं क्वचितच येतात. आठ खाने असलेला तक्ता घोकण्यात वेळ घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुलना

मराठी तुलना करताना विशेषणाला हात लावत नाही. 'मीना सीमापेक्षा उंच आहे' यात सगळं काम '-पेक्षा' करतं. म्हणून 'मीना इज टॉल दॅन सीमा' ही चूक घडते. इंग्रजीत 'दॅन' पुरेसा नसतो, विशेषणालाही बदलावं लागतं: 'टॉलर दॅन'. विशेषण आपलं रूप बदलतं अशी इंग्रजीतली ही एकच ठळक जागा.

'अर' लावायचा की 'मोर', हे सिलेबलवर, म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यांवर ठरतं. एका तुकड्याच्या शब्दाला 'अर' आणि 'एस्ट': 'टॉलर', 'टॉलेस्ट'. दोन तुकडे आणि शेवटी 'वाय' असेल तरी तेच: 'हॅपी'चं 'हॅपिअर'. 'ब्यू-टि-फुल'सारखा लांब शब्द असेल तर 'मोर' आणि 'मोस्ट'. दोन्ही एकदम लावायचे नाहीत. 'जास्त चांगला' या सवयीतून येणारं 'मोर बेटर' इथेच बाद होतं, कारण 'बेटर'मध्ये 'जास्त' आलेलंच आहे. 'सीनियर', 'ज्युनिअर', 'सुपीरिअर' हे लॅटिनमधून आलेले मूळचेच तुलनावाचक शब्द, त्यांच्यापुढे 'दॅन' नाही, 'टू' येतो. आणि 'वन ऑफ द टॉलेस्ट' म्हटलं की पुढे 'बॉइज', अनेकवचन.

'पुस्तकात तर प्रकार वेगळेच दिलेत'

शाळेच्या जुन्या व्याकरण पुस्तकांत 'धिस', 'दॅट', 'माय', 'सम', 'फ्यू' हेही विशेषणांत मोडतात, जशी आपल्याकडे सार्वनामिक विशेषणं. आजचे बरेच व्याकरणकार यांचा वेगळा गट करतात आणि त्याला 'डिटर्मायनर' म्हणतात. ही नुसती पाट्यांची अदलाबदल नाही. 'धिस' किंवा 'माय' नामसमूहाच्या सुरुवातीची एक जागा व्यापतात आणि तिथे दोघे मावत नाहीत. मराठीत 'माझं ते पुस्तक' अगदी बरोबर आहे, इंग्रजीत 'माय दॅट बुक' चूक. तिथे 'दॅट बुक ऑफ माइन' म्हणावं लागतं. नाव काहीही द्या, जागा लक्षात ठेवा.

याच गटातला 'फ्यू' जपून वापरायचा. 'आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स' म्हणजे मला काही मित्र आहेत. 'अ' काढला की अर्थ होतो, मला फारसे मित्र नाहीत.

'बोलताना इतकं कोण बघतं?'

आक्षेप रास्त आहे. 'स्मॉल ब्लॅक बॅग'ऐवजी 'ब्लॅक स्मॉल बॅग' म्हटलं तर समोरच्याला सगळं कळतं. 'डिफरंट डिफरंट कलर्स' मधली द्विरुक्तीही कळते. ती आपल्या 'वेगवेगळे', 'छोटी छोटी' यांतून आलेली आहे, आणि इंग्रजीत एकदाच 'डिफरंट' म्हटलं तरी पुरतं. अशा चुकांच्या भीतीने कुणी बोलायचं थांबवू नये.

पण काही चुकांनी अर्थच बदलतो. 'बोअर्ड' आणि 'बोरिंग', 'हार्ड' आणि 'हार्डली', 'फ्यू' आणि 'अ फ्यू', तसंच 'व्हेरी' आणि 'टू'. 'द बॉक्स इज टू हेवी' म्हणजे खोकं नुसतं जड नाही, उचलण्याच्या पलीकडे जड आहे. आधी या जोड्या पक्क्या कराव्यात. क्रमाकडे नंतर वळलं तरी चालतं.

सराव कसा करायचा

विशेषणांच्या लांबलचक याद्या पाठ करण्यात फारसा अर्थ नाही. विशेषण एकटं राहत नाही, ते ठरावीक नामांबरोबर नांदतं. मराठीत आपण गाढ झोप आणि दाट केस म्हणतो, दाट झोप म्हणत नाही. इंग्रजीत 'डीप स्लीप', 'थिक हेअर', 'हेवी रेन', 'स्ट्राँग विंड'. आपला 'मोठा' तर किती ठिकाणी फिरतो: मोठं घर हे 'अ बिग हाउस', मोठा आवाज हा 'अ लाउड नॉइज', मोठा भाऊ हा 'ॲन एल्डर ब्रदर', मोठा लेखक हा 'अ ग्रेट रायटर'. 'उंच'चंही तसंच, माणूस 'टॉल' पण डोंगर 'हाय'. म्हणून वहीत शब्द लिहू नका, जोडी लिहा.

मग समोरची एकच वस्तू घ्या. समजा, दार. ते कसं आहे? जड आहे, जुनं आहे, तपकिरी आहे, लाकडी आहे, बंद आहे. प्रत्येक विशेषण दोन्ही जागी बसवून मोठ्याने म्हणा: 'अ हेवी डोअर', 'द डोअर इज हेवी'. 'अ क्लोज्ड डोअर', 'द डोअर इज क्लोज्ड'. आता दोन-तीन जोडा: 'ॲन ओल्ड वुडन डोअर', 'अ हेवी ओल्ड वुडन डोअर'. मग दुसऱ्या दाराशी तुलना: 'धिस डोअर इज हेविअर दॅन दॅट वन'. शेवटी दाराचं नव्हे, उघडण्याच्या क्रियेचं वर्णन करा: 'इट ओपन्स स्लोली'. एका दारातून या लेखातल्या बऱ्याच गोष्टी हाताखालून जातात. दुसऱ्या दिवशी खुर्ची घ्या, मग एखादा माणूस, मग स्वतःची त्या वेळची अवस्था.

लिहून तपासायला ही पाच वाक्यं. प्रत्येकात एक चूक आहे.

'शी इज मोर स्मार्टर दॅन हर ब्रदर.'
'ही स्पीक्स इंग्लिश गुड.'
'आय सॉ ॲन अस्लीप डॉग.'
'इट वॉज अ टू-अवर्स एक्झाम.'
'द फिल्म वॉज लाँग अँड आय वॉज बोरिंग.'

पहिल्यात 'मोर' काढायचा. दुसऱ्यात बोलण्याच्या क्रियेचं वर्णन आहे, म्हणून 'वेल'. तिसऱ्यात 'अ स्लीपिंग डॉग'. पाचव्यात मी कंटाळलेला आहे, म्हणून 'बोअर्ड'. चौथ्यावर वर काही सांगितलेलं नाही, पण पहिल्या नियमातूनच ते सुटतं. इंग्रजी विशेषण अनेकवचन घेत नाही. 'टू अवर्स' हे शब्द नामाआधी येऊन विशेषणाचं काम करायला लागले, की त्यातला 'एस' गळतो: 'अ टू-अवर एक्झाम', 'अ फाइव्ह-इयर-ओल्ड गर्ल'. तीच मुलगी क्रियापदानंतरच्या जागी आली की 'एस' परत येतो: 'शी इज फाइव्ह इयर्स ओल्ड'.